तिसऱ्या पक्षाची कैफियत

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,


दिवाळी सरून सोयाबीनचे कुटार घरात येऊन पडले, तुरीच्या शेंगा भरू लागल्या आणि वर्धा नदीचे पाणी गुरांना ओलांडता येईल इतके उतरले, की काठेवाडी गुरांचे कळप आमच्या आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुक्यांच्या मुलखात दाखल होतात, आणि त्यांच्या मागोमाग तहसील कचेरीत व पोलीस ठाण्यात तक्रारअर्जांचा जो हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत ओसरत नाही. या अर्जांचा निवाडा, जेव्हा होतो तेव्हा, दोनच पक्षांना समोर उभे करून होतो. ज्याचे उभे पीक खाल्ले गेले तो कास्तकार एका बाजूला, आणि ज्याच्या गुरांनी ते खाल्ले तो फिरता पशुपालक दुसऱ्या बाजूला. पंचनामा होतो, थोडीफार भरपाई ठरते, कळप चार कोस पुढे सरकतो आणि प्रकरण दप्तरी दाखल होते. या व्यवहारात तिसराही एक पक्ष आहे. त्याला कोणी साक्षीलासुद्धा बोलावीत नाही, आणि त्याच्याच वतीने हे पत्र आपणांस जाहीरपणे लिहिण्याचे धाडस मी करीत आहे. गावातच राहून दोन गाई, एखादी म्हैस, एक बैलजोडी आणि चार वासरे यांच्या आधाराने संसार चालवणारा जो स्थायिक गोपालक, तो हा तिसरा पक्ष.

वरवर पाहणाऱ्यास असे वाटेल की कास्तकार आणि गोपालक हे एकाच धुऱ्यावर उभे असलेले लोक, तेव्हा त्यांचे हितसंबंधही एकच असणार. वस्तुस्थिती तशी नाही. ज्याच्याकडे वीस एकर कोरडवाहू जमीन आहे त्याला पीक निघाल्यावर काठेवाड्याचा कळप हवाच असतो. रात्रीच्या रात्री शेतात गुरे बसवून घ्यावीत, शेणामुताने जमीन तृप्त करून घ्यावी आणि त्याबद्दल धान्य किंवा रोकड द्यावी, हा सौदा दोघांनाही मानवतो. कळपाने तूर खाल्ली तर भांडण, पऱ्हाटी वेचून झाल्यावर वावरात बसला तर पाहुणचार, इतका हा संबंध सोपा आहे. तालुक्याच्या गावातील हलवायालाही तो कळप हवा असतो, कारण डेऱ्यावरचे दूध व खवा त्याला स्वस्तात पडतो. मात्र ज्याच्यापाशी जमीन एक-दीड एकर किंवा तीही नाही, ज्याची गुरे वर्षातले आठ महिने गायकीच्या मागून गायरानावर जातात, त्याला त्या कळपापासून शेण मिळत नाही, दूध मिळत नाही, भरपाई तर मुळीच मिळत नाही. कारण त्याचे जे नुकसान होते ते कोणत्याही सातबाऱ्यावर नोंदलेले नसते.

पहिले नुकसान गवताचे. आमच्या टेकाडांवर पवना, मारवेल आणि कुसळी ही गवते पावसाळ्यात वाढतात आणि कार्तिकापर्यंत वाळून उभी राहतात. हे उभे वाळलेले गवत म्हणजे गावच्या गुरांची पौषापासून ज्येष्ठापर्यंतची शिदोरी असते; ते पुरवून पुरवून खायचे, एका अंगाला आज आणि दुसऱ्या अंगाला महिन्याने गुरे न्यायची, हे शहाणपण गावच्या गायकीला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. मोठा कळप अशा गायरानात आठ-दहा दिवस राहिला की शिदोरी संपते. कळपाला पुढे जायला वाट असते. गावच्या गुरांना ती नसते. मग फाल्गुनातच कुटार विकत घेण्याची पाळी येते, आणि एकाच वेळी सगळ्यांना लागल्यामुळे त्याचा भाव चढतो. पूर्वी ज्वारीचा कडबा या टंचाईत हात देत असे. पण सोयाबीनने ज्वारीला आमच्या शिवारातून जवळजवळ हद्दपार केल्यापासून तोही आधार सुटला, आणि सोयाबीनचे कुटार गाई कडब्यासारख्या आवडीने खात नाहीत हे कोणत्याही गोठ्यात जाऊन पाहता येईल.

गायराने तरी उरली किती, हाही प्रश्न आहेच. मालगुजारीच्या काळात गावोगाव राखलेले रमणे होते. मालगुजार काही साधुपुरुष नव्हता, तो चराईचे पैसे घेई, वेठही घेई, पण गवताला राखणदार होता. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली आणि ती जमीन सरकारजमा झाली. त्या सुधारणेचे स्वागत आमच्या आजोबा-पणजोबांनी केले आणि ते योग्यच होते. पुढे मात्र त्या जमिनीवर कधी घरकुले, कधी शाळा, कधी सौर प्रकल्प आणि पुष्कळदा निव्वळ अतिक्रमणे उभी राहत गेली. जंगलाच्या अंगानेही हेच झाले: बोर अभयारण्याचा २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाला, वाघाला जागा मिळाली, याचा आनंदच आहे, पण सभोवारच्या गावांची जी गुरे पूर्वी त्या रानात जात ती आता ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या, उरल्यासुरल्या पट्ट्यांवर एकवटली. अशा आक्रसलेल्या चराईवर बाहेरचा कळप उतरतो, तेव्हा त्याच्या तोंडच्या प्रत्येक घासाची किंमत पूर्वीच्या कैक पटींनी वाढलेली असते. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये चराईची राने बंद केल्याबद्दल जंगलखात्यावर जो कोरडा ओढला आहे, त्याची धग आजही आमच्या शिवारात जाणवते.

दुसरे नुकसान रोगाचे, आणि येथे मी थोडा अधिक थांबतो, कारण गवत पुढच्या पावसाने पुन्हा येते, गेलेली गाय येत नाही. लाळ्या-खुरकूत हा रोग आपल्या विभागास परिचित आहे. तो कचेरीतील तक्त्यात जसा दिसतो तसा गोठ्यात दिसत नाही. पहिल्या दिवशी गाय वैरण हुंगून बाजूला सारते. दुसऱ्या दिवशी तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागतात, ओठ उचलून पाहावे तर हिरड्यांवर फोड, आणि जीभ बाहेर ओढताच तिच्यावरची साल हातात येते. खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, त्यांवर माश्या बसतात, दोन दिवसांत अळ्या पडतात. घरातील बाई तुरटीच्या पाण्याने तोंड धुते, कण्यांची पातळ आंबील करून ती नरसाळ्याने नव्हे, हाताने, ओंजळ-ओंजळ भरवते, कारण नरसाळ्याने घशाशी ओतलेले फुप्फुसात जाण्याचे भय असते. सहा लिटर देणारी गाय अर्ध्या लिटरवर येते आणि बरी झाली तरी त्या वेतात पूर्वीच्या दुधावर सहसा येत नाही. पुढे उन्हात धापा टाकीत राहते. दूध संघाचा हिशेब दहा दिवसांनी होतो, बँकेचा हप्ता महिन्याने येतो, आणि या दोहोंच्या मध्ये ही गाय उभी असते.

आता यातील विचित्र न्याय पाहा. फिरत्या कळपातील गाई काटक असतात; त्यांना हा रोग झाला तरी त्या चार दिवस लंगडतात आणि चालू लागतात. त्यातून उठलेल्या जनावराच्या घशात रोगाचे विषाणू पुढे कित्येक महिने टिकून राहू शकतात, आणि लागण झालेले जनावर तर लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग बाहेर टाकू लागते. म्हणजे डेऱ्यावरचा म्हातारा जेव्हा शपथेवर सांगतो की माझे एकही ढोर आजारी नाही, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. आणि ज्या गोपालकाने शासनाच्याच योजनेतून, शासनाच्याच सल्ल्याने, कर्ज काढून संकरित गाय घेतली, तिला मात्र तोच रोग आडवे पाडतो. गावतलावाच्या एकाच काठावर दोन्ही गुरे पाणी पितात, आणि गोपालक जितका सुधारणावादी तितका त्याचा तोटा मोठा.

यावर आपला विभाग सांगेल की लसीकरण आहे. आहे, आणि ते चांगले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाखाली लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी विनामूल्य टोचली जाते, चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना सांसर्गिक गर्भपाताची लस दिली जाते, कानात बारा अंकी बिल्ला मारला जातो. आमच्या दवाखान्यातील पशुवैद्यक अपुऱ्या माणसांनिशी हे काम करतात आणि त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार रचनेविषयी आहे. लस टोचणारे पथक गावाच्या यादीवरून चालते. फिरता कळप त्याच्या मूळ गावच्या यादीत असतो तेव्हा तो तेथे नसतो, आणि येथे असतो तेव्हा येथल्या यादीत नसतो. दोन राज्ये आणि सात-आठ जिल्हे ओलांडणारे ते गोधन अशा रीतीने प्रत्येक यादीच्या दोन ओळींमधून निसटत जाते, आणि आमच्या गुरांना टोचलेल्या लशीचे निम्मे पुण्य वाया जाते.

फिरत्या कळपांना गाठणे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये, कारण या देशाने ते एकदा केलेले आहे. बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे निर्गोधन केली होती. तिच्या निर्मूलनाच्या अखेरच्या मोहिमेत गावोगाव शोध घेतला गेला, आणि त्याबरोबर गुरांच्या येण्याजाण्याच्या वाटांवरही स्वतंत्र शोध घेतला गेला. १९९५ नंतर भारतात बुळकांडी दिसली नाही, २००६ मध्ये देश तिच्यापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये जग. चालत्या कळपास चालत्या वाटेवर गाठावे लागते, ही अक्कल तेव्हा आपल्या खात्यापाशी होती. ती कोणत्या कपाटात ठेवली गेली ते पाहावे.

लम्पीविषयी मी जपून बोलतो. २०२२ च्या साथीत तो रोग ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात प्रथम दिसला आणि पुढे राज्यभर पसरला, तेव्हा गावोगाव बोटे काठेवाड्यांकडे वळली. हा रोग डास, माश्या आणि गोचिडांमार्फत पसरतो, गुरांच्या बाजारातून पसरतो, ट्रकमधून पसरतो. आमच्या गावात तो कोणी आणला हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही, आणि सिद्ध न करता कोणाच्या डेऱ्यावर दगड मारणे हे गोपालकास शोभत नाही. शासनाने त्या वेळी मेलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये दिले, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. परंतु कळपांची नोंद असती तर संशयाला जागाच राहिली नसती, आणि त्या नोंदीचा सर्वांत मोठा लाभ काठेवाड्यालाच झाला असता.

तिसरे नुकसान वंशाचे आहे आणि ते इतके हळू होते की त्याला नुकसान म्हणावे हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आमची गवळाऊ गाय पांढरीशुभ्र, अंगाने हलकी, चालीला चपळ. तिचा बैल बंडीला जुंपला की पांदणीतला चिखलही मागे पडतो. नंद गवळी समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात वर्ध्यास गोसेवेला वाहून घेतले, आणि कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे शासनाचे गवळाऊ प्रक्षेत्रही आहे. फिरत्या कळपांत गीर रक्ताचे वळू मोकळे असतात, आणि गायरानावर कोणती गाय कोणत्या वळूला लागली याची नोंद ठेवायला तेथे कोणी कारकून बसलेला नसतो. मग दावणीला फुगीर कपाळाचे, लोंबत्या कानांचे वासरू उभे राहते. ते धड गीर नाही, कारण गिराइतके दूध देत नाही, आणि धड गवळाऊ नाही, कारण बंडीत पळत नाही. अर्थात न्यायाने बोलायचे तर गवळाऊ वंशाची जितकी भेसळ काठेवाडी वळूंनी केली त्याहून अधिक ती सरकारी कृत्रिम रेतनाच्या नळीने केली आहे, आणि तीत आम्ही गोपालकही दुधाच्या लोभाने आनंदाने सामील झालो. तेव्हा या कलमाखाली मी सगळा दोष पाहुण्याच्या माथी मारणार नाही.

दुधाच्या भावाविषयी थोडक्यात सांगतो. ज्याची चराई फुकट, ज्याला गोठ्याचे छत नाही, ज्याची वैरण विकतची नाही, तो दूध कोणत्याही भावाने विकू शकतो, आणि ऐन हिवाळ्यात, जेव्हा आमच्याही गाई दुधावर असतात, तेव्हा तो ते विकतो. व्यापारात हे चालायचेच.

इतके लिहिल्यावर वाचकाची अशी समजूत होईल की मी काठेवाड्यांना जिल्हाबंदी करा असे सांगण्यासाठी लेखणी उचलली आहे. तसा ठराव काही ग्रामसभांत झालेला मी ऐकला आहे आणि मला तो अन्यायाचा वाटतो. हे लोक हौसेने फिरत नाहीत. सौराष्ट्र आणि कच्छच्या अवर्षणांनी त्यांना घराबाहेर काढले, आणि परत जावे तर त्यांची तेथली चराईही आमच्यासारखीच खुंटलेली. कित्येक कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी विदर्भातच जन्मली. त्यांच्या बायका आमच्या आठवडी बाजारात घासाघीस करतात ती शुद्ध वऱ्हाडीत. त्यांची मुले शाळेच्या पटावर नाहीत. वाटेत भेटणारा प्रत्येक लहानमोठा अंमलदार त्यांच्याकडून काही ना काही उकळतो, अशी त्यांची जी तक्रार आहे ती खोटी मानण्यास मला कारण दिसत नाही. जो कागदावर नाही त्याच्याकडून पावतीशिवाय पैसे घेणे सोपे असते. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याने स्थायिक आणि भटक्या अशा दोन्ही प्रकारच्या पशुपालकांचा चराईचा परंपरागत हक्क मान्य केलेला आहे. तेव्हा हाकलून देणे कायद्यातही बसत नाही आणि माणुसकीतही.

आमचे मागणे याहून साधे आहे. कळप येणार हे ठरलेले आहे, कोणत्या महिन्यात येणार हे ठरलेले आहे, नदी कोणत्या दोन-चार ठिकाणी ओलांडणार हेसुद्धा गावच्या पोरांना ठाऊक आहे. त्या ठिकाणी दिवाळीच्या सुमारास पशुसंवर्धन खात्याचे ठाणे बसवावे; तेथे गुरांची मोजदाद व्हावी, बिल्ला नसेल तर मारला जावा, लस नसेल तर टोचली जावी, आणि कळपाच्या मालकास तारीखवार दाखला मिळावा. हा दाखला पशुवैद्यकाच्या सहीचा असावा. पोलीस किंवा वनरक्षक यांच्या हाती ही नोंदवही गेली तर ती वसुलीची वही होईल, हे आपणांस मी सांगावयास नको. देशाच्या पशुगणनेस १९१९ साली प्रारंभ झाला आणि फिरत्या पशुपालकांची गुरे स्वतंत्रपणे मोजण्याचे ठरले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या गणनेत. शंभर वर्षांनी का होईना, केंद्राने त्यांना डोळ्यांपुढे घेतले, आता राज्याने त्या आकड्यांना वाटा आणि तारखा जोडाव्यात.

दुसरे मागणे महसूल खात्याशी संबंधित आहे, पण ते आपणच त्यांच्या कानी घालू शकता. विदर्भातील गावांस निस्तारपत्रक आहे आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या रूढींची नोंद, आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनेही ती कायम ठेवली. गावच्या रहिवाशांनी सरकारी पडीतावर कोणत्या अटींवर गुरे चारावीत, हे ठरविण्याची जागा निस्तारपत्रक ही आहे. तलाठ्याच्या दप्तरातून ते बाहेर काढून चालू परिस्थितीप्रमाणे पुन्हा लिहावे. गावच्या गुरांस पुरेल इतके गायरान आधी राखावे, त्याउपर उरेल ते ग्रामसभेच्या संमतीने, ठराविक मुदतीसाठी, पावती देऊन काठेवाड्यास द्यावे आणि ती रक्कम गायरानाच्या चराबंदीवर व स्वतंत्र पाणवठ्यावर खर्च व्हावी. उरत नसेल तर नाही म्हणण्याचा अधिकार गावास असावा. १८७१ च्या कायद्याने उभारलेले कोंडवाडे आज बहुतेक ठिकाणी ढासळलेल्या चार भिंतींच्या रूपाने उरले आहेत. ते पुन्हा बांधू नका, त्यात गुरे कोंडल्याने भांडण वाढते असाच आमचा अनुभव आहे.

एक गोष्ट कालमर्यादेची. असले हुकूम बहुधा फिर्यादींचा ओघ वाढल्यावर, म्हणजे पौष-माघात निघतात. तोवर कळप येऊन, चरून, अर्ध्या वाटेवर पोहोचलेले असतात आणि हुकूम पुढील वर्षाच्या फायलीत जाऊन बसतो. पोळ्यापर्यंत निर्णय झाला आणि कोजागरीच्या आत लशीचा साठा तालुक्यास पोहोचला, तरच त्याचा उपयोग. त्यापूर्वी आपण आर्वीस एक बैठक घ्यावी, तीत कास्तकार असावेत, काठेवाडी मुकादम असावेत आणि या खेपेस आम्हीही असावे. डेऱ्या-डेऱ्यावर निरोप पोहोचविण्याचे काम आम्ही पत्करतो. मुकादमांपैकी बरेच जण पावसाळ्यातही याच मुलखात असतात आणि त्यांतील काहींचे दूरध्वनी आमच्यापाशी आहेत.



आपला नम्र,
आर्वी तालुक्यातील एक गोपालक